डोंगरवाटेवर जीपीएस असावे की नसावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत पायी हिंडणाऱ्यांमध्ये काही जण फोनच्या पडद्याकडे पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाहीत, तर काहींना सॅकमध्ये फोन असणे हीच डोंगराशी प्रतारणा वाटते. नव्याने ट्रेकला जाऊ लागलेल्यांचे प्रश्न या दोन टोकांच्या मधल्या जागेतून येतात. पुढील उत्तरे महाराष्ट्रातील किल्ले आणि घाटवाटा यांच्यापुरती आहेत. हिमालयातील मोहिमांचे गणित निराळे असते.

डोंगरात रेंज नसताना जीपीएस चालते का?

चालते. रेंज आणि जीपीएस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत सोडत असतात आणि आपला फोन ते संकेत फक्त ऐकतो, उलट त्यांना काहीही कळवत नाही. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून फोन प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो आणि किमान चार उपग्रह सापडले की आपले स्थान ठरवतो. रेंजचा उपयोग दोन कामांपुरता असतो. एक म्हणजे नकाशाचे चित्र उतरवून घेणे आणि दुसरे म्हणजे कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती चटकन मिळवणे. रेंज नसेल तर ही दुसरी माहिती फोनला उपग्रहांकडूनच ऐकून घ्यावी लागते. त्याला एरवी अर्धा-एक मिनिट लागते, पण फोन बराच काळ बंद असेल किंवा खूप दूरच्या ठिकाणी नेलेला असेल तर दहा-बारा मिनिटेही लागू शकतात. म्हणून पायथ्याच्या गावात, मोकळ्या आभाळाखाली आणि रेंज असतानाच एकदा स्थान घेऊन ठेवावे.

नकाशा मात्र घरीच उतरवून घ्यावा. रेंज गेल्यावर कोऱ्या करड्या पडद्यावर फिरणारा ठिपका म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

कोणता नकाशा उतरवून घ्यावा?

गाडीचा रस्ता दाखवणारे नेहमीचे ॲप पायथ्यापर्यंत पोहोचण्यासाठी ठीक असते. त्याच्या पुढे ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओसमअँड यांसारखी ॲप अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांत पायवाटा असतात आणि समोच्च रेषाही, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषाही, पाहता येतात. या पायवाटा मात्र स्वयंसेवकांनी काढलेल्या असतात. जिथे पुण्या-मुंबईची माणसे सतत जातात तिथे त्या दाट दिसतात आणि जिथे फक्त गुराखी जातो तिथे नकाशा कोरा असतो. नकाशा कोरा आहे म्हणजे वाट नाही, असा अर्थ काढू नये.

त्याच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा जरूर पाहावा. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याच्या नकाशांवर ओढे, वाड्या, विहिरी आणि डोंगरधारा ज्या बारकाईने येतात, तो बारकावा बहुतेक ॲपमध्ये सापडत नाही. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर असतो आणि समोच्च रेषा साधारणपणे २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. इथे एक मेख आहे. वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये पंधरा मीटरचा सरळसोट कातळटप्पा सहज लपून राहतो. कागदावर सौम्य दिसणारा उतार प्रत्यक्षात दोराशिवाय उतरता न येणारा निघतो, तो बहुधा यामुळेच. शिवाय जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश वेगळ्या मोजणीपद्धतीवर बेतलेले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर जागा सरकलेली दिसते.

फोनवरच्या ठिपक्यावर किती विश्वास ठेवावा?

उघड्या पठारावर बराच. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारणपणे पाच मीटरच्या आसपास असते आणि ट्रेकसाठी तेवढी अचूकता पुरते. पण नाळेत, म्हणजे दोन कातळभिंतींमधल्या अरुंद घळीत, किंवा कड्याच्या पायथ्याशी आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. तिथे थेट दिसणारे उपग्रह कमी होतात आणि बाकीच्यांचे संकेत कातळावर आपटून लांबच्या मार्गाने फोनपर्यंत येतात, त्यामुळे फोन अंतर चुकीचे मोजतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी ठिपका कधी डाव्या भिंतीवर तर कधी उजव्या भिंतीच्या पोटात जाऊन बसतो. म्हणजे नेमकी जिथे दहा मीटरच्या चुकीचीही किंमत मोजावी लागते, तिथेच यंत्र सर्वांत डळमळीत असते.

दुसरी फसगत अंतराची. फोन दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर दाखवतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून पाहिले तर पायथ्याचे बेलपाडा पडद्यावर हाकेच्या अंतरावर वाटते, पण तिथे पोहोचायला अख्खा दिवस जातो. चालण्याचा वेळ काढण्यासाठी स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सुचवलेला ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि त्यात चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवावा. आपल्याकडच्या उन्हात, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन, या उत्तराची सरळ दीडपट करावी, असे माझे मत आहे.

इंटरनेटवर मिळणारा दुसऱ्या कोणाचा ट्रॅक घेऊन चालावे का?

सोबत जरूर घ्यावा, पण त्याच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. ट्रॅक म्हणजे फोनने नोंदलेली वाटेची रेषा, एका माणसाचा एका दिवसाचा प्रवास. तो जिथे चुकला तिथे त्याची चूकही त्या रेषेत नोंदलेली असते, आणि परत फिरल्यावर पुष्कळ लोक तो भाग पुसत नाहीत. तो कोणत्या महिन्यात गेला होता हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. फेब्रुवारीत कोरड्या ओढ्यातून सरळ चढलेली रेषा जुलैत धबधब्यातून जाते. उन्हाळ्यात मळलेली दिसणारी वाट भाद्रपदात कमरेइतक्या गवताखाली असते. एखाद्या घाटवाटेचा मधला टप्पा गेल्या पावसाळ्यात दरडीबरोबर गेलेला असतो, पण रेषा मात्र तिथेच राहते.

त्याहून घातक प्रकार म्हणजे दोर लावून उतरलेल्या चमूंचे ट्रॅक. फोनच्या पडद्यावर चालत उतरलेली वाट आणि दोरावरून उतरलेला कडा यांची रेषा सारखीच दिसते. रेषेचा उंचीचा आलेख उघडून पाहिला आणि त्यात थोड्याशा अंतरात मोठी उभी घसरण दिसली, तर त्या ट्रॅकवर नवख्यांना नेऊ नये.

मग सगळी यंत्रे घरी ठेवून जाणे चांगले नाही का?

या प्रश्नामागची भावना मला कळते आणि ती बरीचशी पटतेही. पडद्याकडे पाहत चालणाऱ्या माणसाला डोंगर दिसत नाही. शंभर मीटर पुढे डावीकडे वळायचे आहे हे त्याला ठाऊक असते, पण आपण डोंगराच्या कण्यासारख्या धारेवरून चालतो आहोत की उताराच्या मधल्या सपाट पदरातून, मघाचा ओढा कुठल्या दरीत उतरला आणि परतताना हेच झाड कसे दिसेल, यातले काहीच त्याच्या मनात नोंदले जात नाही. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये वाहनचालकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जीपीएसवर अधिक विसंबणाऱ्यांची, यंत्राविना वाट शोधताना लागणारी स्थळांची स्मरणशक्ती कमी भरली. काही जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा दरम्यान जीपीएस अधिक वापरणाऱ्यांमध्ये ही घसरण जास्त तीव्र आढळली. ते चालक होते, ट्रेकर नव्हते, हे खरे. पण गटामागून चालत दहा वेळा राजगडावर गेलेल्याला अकराव्या वेळी एकट्याने वाट सापडत नाही, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे.

तरीही यंत्र घरी ठेवले की डोंगर आपोआप कळू लागतो, हे मला मान्य नाही. ज्याला वाट वाचता येत नाही त्याच्याजवळून फोन काढून घेतला तर तो फक्त फोन नसलेला नवखा होतो. पूर्वीचे लोक यंत्राशिवाय फिरत, असे आपण म्हणतो, तेव्हा ते वाटाड्याशिवाय फिरत नसत ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. माणसाची दिशेची उपजत जाणीव आपल्या समजुतीपेक्षा फारच दुबळी असते. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सपाट जंगलात सरळ चालत राहायला सांगितले होते. सूर्य दिसत असताना चालणारे बऱ्यापैकी सरळ गेले, पण ढगाळ दिवशी चालणारे गोल गोल फिरून स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडत राहिले आणि त्याचा त्यांना पत्ताही लागला नाही. तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाच्या देवळाकडे जाताना लागणाऱ्या टेकड्यांमध्ये धुके उतरल्यावर भलेभले चकतात, याचे कारण यातच आहे. तिथे प्रत्येक टेकडी आधीच्या टेकडीसारखीच दिसते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे : फोन सोबत असावा, चालू असावा, पण सॅकच्या आत असावा. प्रत्येक खिंडीत, फाट्यावर किंवा ओढ्यापाशी थांबावे आणि आपण कुठे आहोत, उत्तर कुठे आहे, पुढची खूण कोणती आणि तिथे किती वेळात पोहोचू, हे आधी स्वतः मोठ्याने सांगावे. मग फोन काढून उत्तर तपासावे. उत्तर बरोबर निघाले की फोन परत आत टाकावा, आणि चुकले तर का चुकले ते तिथेच उभे राहून शोधावे. चार-पाच ट्रेकनंतर फोन काढण्याची गरज आपोआप कमी होते. तेव्हा एखाद्या ओळखीच्या, मळलेल्या वाटेवर तो मुद्दाम बंद ठेवून पाहायला माझी हरकत नाही; राजगडाची गुंजवणे बाजूची वाट त्यासाठी चांगली आहे. अनोळखी घाटवाटेवर आणि पावसाळ्यात मात्र असे प्रयोग करू नयेत.

ही पद्धत मी फजिती होऊन शिकलो. रतनगडाकडून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतकडे उतरताना दाट धुके होते आणि फोनवरचा ट्रॅक वीस पावले उजवीकडे दिसत होता. मी हट्टाने उजवीकडे घुसलो आणि कारवीच्या रानात पाऊण तास ओरबाडून निघालो. सोबत आलेले गावचे मामा वाटेवरच विडी ओढत बसून होते. मी परत आल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘‘त्या डबीत नका बघू, दगडं बघा. माणूस चालतो तिथं दगूड गुळगुळीत हुतो.’’ ट्रॅक चूक नव्हता. वीस पावलांचा फरक यंत्राच्या नेहमीच्या चुकीतलाच होता. मी पायाखालच्या पुराव्यापेक्षा तो जास्त खरा मानला, एवढीच चूक झाली.

वाट चुकली असे वाटल्यास काय करावे?

प्रथम थांबावे आणि शेवटची खात्रीची खूण आठवावी. फोनमध्ये आपला स्वतःचा ट्रॅक चालू असेल तर त्याच रेषेवरून मागे फिरावे. हा जीपीएसचा सर्वांत निर्विवाद उपयोग आहे आणि केवळ त्यासाठीसुद्धा फोन बाळगावा.

ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत जाऊ नये. पाण्यामागे गेले की गाव लागते, हा सल्ला परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आला आहे आणि सह्याद्रीत तो जिवावर बेततो. आपला डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. त्याच्या खडकाला दिलेले ‘ट्रॅप’ हे नावच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. त्या पायऱ्यांवरून ओढा उड्या मारत जातो. आपण पहिली दहा फुटांची उडी घसरत उतरतो, दुसरी कशीबशी पार करतो आणि तिसरी शंभर फुटांची निघते. तोवर मागची चढून जाता येत नाही. वाट चुकून अडकलेल्यांपैकी किती तरी जण अशाच दोन धबधब्यांच्या मध्ये सापडतात. खाली उतरण्यापेक्षा वर धारेवर यावे. तिथून दिसते, आवाज पोहोचतो आणि बहुधा रेंजही मिळते.

मदत मागताना ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळपास दुसऱ्या कोणाचे नेटवर्क असेल तर आपत्कालीन कॉल त्यावरून जाऊ शकतो. बोलणे होत नसेल तर एसएमएस पाठवून पाहावा, कारण क्षणभर आलेल्या रेंजमध्येही तो निघून जातो. संदेशात अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने, किमान चार दशांश स्थळांपर्यंत लिहावेत, म्हणजे जागा सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमकी कळते. अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश यांची सरमिसळ झाली तर शोधपथक दुसऱ्याच डोंगरावर जाते. सोबत पायथ्याच्या गावाचे नाव, निघाल्याची वेळ, माणसांची संख्या आणि बॅटरी किती उरली आहे, हेही कळवावे आणि त्यानंतर जागा सोडू नये. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात, आणि आपण मध्येच दुसरीकडे सरकलो तर त्यांची सारी मेहनत वाया जाते.

फोनमध्ये होकायंत्र असताना वेगळे का घ्यावे?

वेगळे होकायंत्र बॅटरीवर चालत नाही आणि पावसात भिजले तरी बिघडत नाही. फोनच्या कव्हरमध्ये चुंबकी बटण असेल तर त्याचे होकायंत्र हमखास चुकते. आपल्याकडे एक सोयही आहे. महाराष्ट्रात सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि ध्रुवाकडची खरी उत्तर यांच्यातला फरक सध्या एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे इतर देशांत करावी लागणारी दुरुस्ती इथे सोडून दिली तरी चालते. मात्र बसाल्टमध्ये लोहयुक्त चुंबकी खनिज असते, म्हणून होकायंत्र खडकावर टेकवून वाचू नये. उभे राहून, छातीशी धरून वाचावे आणि शंका आल्यास दहा पावले बाजूला जाऊन पुन्हा पाहावे.

सूर्य आणि तारे यांवरून दिशा ओळखता येते का?

येते, पण पाठ केलेल्या युक्त्या पारखून घ्याव्यात. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची युक्ती युरोपातली आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे तो चक्क उत्तरेकडून जातो, त्यामुळे त्या दिवसांत ती युक्ती उलटे उत्तर देते. शेवाळ उत्तरेच्या बाजूला वाढते, हेही श्रावणात तपासून पाहावे. तेव्हा ते चारही बाजूंना असते.

रात्रीचे आकाश अधिक भरवशाचे असते. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते, म्हणजे पुणे-नगर भागात तो साधारण १८ ते १९ अंशांवर, बराच खाली असतो आणि समोर एखादा डोंगर आला की दिसतही नाही. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. त्यांची ओळख असणे जास्त सोयीचे.

गावकऱ्यांना वाट कशी विचारावी?

आदराने आणि सविस्तर उत्तर द्यावे लागेल अशा रीतीने विचारावी. ‘‘मामा, ही वाट गडावर जाते ना?’’ असे विचारले तर उत्तर ‘हो’च येते, कारण पाहुण्याला नाही म्हणणे बरे दिसत नाही आणि कुठली ना कुठली वाट शेवटी गडावर जातेच. त्याऐवजी, ‘‘मामा, गडावर जायला कुठनं जावं? मधे फाटे कुठं फुटतात?’’ असे विचारावे. ‘‘हे काय, दहा मिंटांवर’’ ही त्यांच्या पायांची दहा मिनिटे असतात; आपली अर्धा तास धरावी. भीमाशंकरला खांडसकडून जाताना शिडी घाट आणि गणेश घाट या दोन वाटा आहेत, अशा ठिकाणी आपल्याला कोणती हवी ते नाव घेऊनच विचारावे. अवघड घाटवाटेवर गावातला वाटाड्या घ्यावा, मजुरी आधी ठरवावी आणि ठरली तेवढी घासाघीस न करता द्यावी. पाणी कुठल्या टाक्यात उरले आहे आणि यंदा वाट कुठे ढासळली आहे, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही.

बॅटरी कशी पुरवावी?

फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. दरीत रेंज शोधत राहण्यातच बॅटरी सर्वांत जास्त जाते, आणि बहुतेक फोनमध्ये या मोडवरही जीपीएस चालू ठेवता येते. पडद्याचा उजेड कमी करावा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,०००चा फोन पूर्ण दोनदा भरत नाही, कारण काही ऊर्जा वाया जाते. एक-सव्वा वेळ धरावी. पावसात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून कागदी नकाशाची प्लॅस्टिकच्या पिशवीतली प्रत सोबत असावी. गटातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये तोच नकाशा असावा. आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवला तर बॅटरीबरोबर इतरांचे कानही वाचतात.

मनगटी घड्याळातली उंची खरी मानावी का?

हवेच्या दाबावरून उंची सांगणारे घड्याळ पायथ्याच्या ज्ञात उंचीवर जुळवून घेतले तर चांगले काम देते. पण हवामान बदलून दाब उतरला की एकाच जागी बसलेला माणूस त्याच्या मते चढू लागतो. मुक्कामी रात्रीत उंची वाढलेली दिसली, तर ती पावसाची सूचना समजावी.

उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र परदेशातून आणले तर चालेल का?

परवानगीशिवाय आणू नये. साधे जीपीएस यंत्र फक्त संकेत ऐकते, त्यामुळे त्याचा प्रश्न येत नाही. उपग्रह फोन किंवा गार्मिन इनरीचसारखे दुतर्फा संदेशयंत्र मात्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगणे बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर अशी यंत्रे सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना ताब्यात घेतल्याचे प्रकार घडले आहेत. अमेरिका-युरोपातले मराठी नातलग सुटीत गडावर जाण्यासाठी येताना हे यंत्र सहजपणे सॅकमध्ये टाकतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे.

माझा ट्रॅक इतरांसाठी प्रसिद्ध करावा का?

करावा, पण आधी साफ करावा. चुकून गेलेले फाटे कापावेत, महिना आणि वर्ष लिहावे, दोर लागला असल्यास ती जागा ठळक नोंदवावी आणि पाणी कुठे मिळाले ते तारखेसह सांगावे. देवराईतून, कोणाच्या शेतातून किंवा वन विभागाने बंद केलेल्या भागातून गेलेली वाट असेल, तर तो ट्रॅक आपल्याजवळच ठेवावा. एका माणसाने मोडलेले कुंपण शेतकरी विसरून जातो. रेषा पाहून दर रविवारी येणाऱ्या चाळीस जणांना तो काठी घेऊन उभा राहिला, तर दोष त्याचा नाही.